स्टिअरिंग तिरकं, गाडी सरळ: जुन्या पिकअपचा इलाज गाडीखाली असतो

गाडी सरळ चालली आहे, पण स्टिअरिंगची आडवी दांडी एका बाजूला झुकलेली. मुंबईचे आठ-दहा पावसाळे खाल्लेल्या पिकअपमध्ये हे इतकं सर्रास दिसतं की चालक त्याची सवय करून घेतात. गॅरेजात नेली की बहुतेक ठिकाणी एकच झटपट इलाज होतो: हॉर्नचं झाकण काढायचं, मधला नट सोडायचा, स्टिअरिंग उपटून एक-दोन खाचा फिरवून परत बसवायचं. दांडी सरळ दिसते, पैसे दिले जातात, आणि दोष जिथे होता तिथेच राहतो.

पिकअपमध्ये एकमेकांशी जुळायला हवेत असे तीन मध्य असतात: हातातल्या स्टिअरिंगचा, स्टिअरिंग बॉक्सचा (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारा दातांचा डबा) आणि पुढच्या चाकांचा. चालकाला त्यातला फक्त पहिला दिसतो. बॉक्सचा मध्य सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी तपासत नाही.

जुन्या पिकअपमध्ये बहुधा छर्‍यांवर चालणारा स्टिअरिंग बॉक्स असतो. त्याच्या आतले दात मुद्दाम असे घडवलेले असतात की अगदी मध्यावर ते सर्वांत घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूंना गेल्यावर थोडे सैल होतात. कारण उघड आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, तेव्हा प्ले, म्हणजे सैलपणामुळे होणारी मोकळी हालचाल, कमीत कमी हवा. वळणावर थोडा प्ले चालतो. आता बॉक्स मध्यावरून हटलेला असताना गाडी दिवसभर सरळ चालली तर चालकाला सतत सैल जागेवर गाडी धरावी लागते, ती रस्त्यावर डोलते, आणि दात भलत्या जागी झिजतात. मग कुणीतरी प्ले काढायला बॉक्सवरचा स्क्रू आवळतो. सैल जागी आवळलेला स्क्रू मध्यावर आल्यावर जास्तच घट्ट होतो, स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून परत येत नाही आणि बॉक्सचं आयुष्य संपतं. वरून स्टिअरिंग फिरवून बसवल्याने हे सगळं फक्त झाकलं जातं. शिवाय एका बाजूला गाडी जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी, आणि वळण संपल्यावर इंडिकेटर बंद करणारा खटका चुकीच्या जागी लागतो.

आधी रोग कुठला ते ठरवा

स्टिअरिंग तिरकं असणं आणि गाडी ओढणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. सपाट जागी २०-३० च्या वेगाने गाडी सरळ चालवा आणि हात क्षणभर अगदी हलके करा. स्टिअरिंग तिरकंच राहून गाडी सरळ गेली तर दोष बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या जोडणीच्या लांबीत किंवा मध्यात आहे. हात सैल करताच गाडी एका बाजूला निघाली तर ती ओढते आहे, आणि तिथे कारणं निराळी: हवेचा फरक, एका चाकाला चिकटलेला ब्रेक, झिजलेला किंग पिन (ज्या पिनेवर पुढचं चाक वळतं ती), किंवा सदोष टायर. टायरचा संशय फेडणं सोपं आहे. पुढचे दोन टायर डावे-उजवे बदला. ओढण्याची बाजू बदलली तर टायरच दोषी.

चाचणीची जागा नीट निवडा. पाणी निघून जावं म्हणून आपले रस्ते कडेला उतरते असतात. डाव्या बाजूने चालणारी गाडी डावीकडे घसरू पाहते आणि चालक नकळत स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरतो. एवढ्याने दोन-तीन अंशांचा फरक दिसतो, त्यावर पाना लावू नये. सुट्टीच्या दिवशी सकाळी बॅलार्ड इस्टेट किंवा बीकेसीतले रस्ते मोकळे मिळतात. त्याहून चांगलं म्हणजे काँक्रीट केलेलं सपाट आवार. एकाच जागेवरून जाताना आणि येताना, दोन्ही वेळा पाहा.

पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत आणखी एक पाहणी करा. पुढची दोन्ही चाकं उचला, गाडी स्टँडवर घ्या आणि इंजिन सुरू करा. कुणी हात न लावता स्टिअरिंग एका बाजूला फिरू लागलं तर बॉक्सच्या आतला तेलाचा व्हॉल्व्ह बिघडलाय. अशा गाडीवर टायरॉड (पुढच्या चाकांना वळवणारा दांडा) फिरवत बसणं व्यर्थ.

मग विचारा, हे कधीपासून? याचं उत्तर निम्मं काम करतं. टायरॉड एंड (टायरॉडच्या टोकाचा जॉइंट) बदलल्यापासून किंवा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केल्यापासून असेल तर लांबी चुकली आहे. पाटे (लीफ स्प्रिंग) बदलल्यापासून असेल तर पुढच्या अॅक्सलची उंची किंवा जागा बदलली आहे. खड्ड्यात किंवा दुभाजकावर चाक आपटल्यापासून असेल तर काहीतरी वाकलं आहे, आणि वाकलेल्या भागाची लांबी जुळवून स्टिअरिंग सरळ करणं धोक्याचं आहे. वाकलेला रॉड किंवा आर्म बदलायचाच. गॅसवर तापवून सरळ करायचा नाही, वेल्डिंग तर मुळीच नाही. तापवल्याने त्या पोलादाची ताकद जाते आणि पुढचा धक्का बसताना तो तुटू शकतो. टायरॉड तुटला की दोन्ही चाकं आपापल्या दिशेला जातात. त्या वेळी मागे माल असतो आणि पुढे रस्त्यात माणसं असतात.

प्ले असेल तर मोजमाप खोटं येतं

चारही टायरची हवा दारावरच्या पट्टीप्रमाणे भरा, पुढच्या दोन्हींत सारखी. मागच्या चाकांना पुढून-मागून अडसर लावा. गाडी उचलल्यावर जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. स्टँड घ्या किंवा जाड लाकडी ओंडके. विटा किंवा पेव्हर ब्लॉक कधीच नाही, ते भाराखाली एकदम फुटतात.

चाक उचलून वर-खाली धरून हलवा. हलत असेल तर किंग पिन, बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. आता कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. हालचाल थांबली तर बेअरिंग सैल आहे, तशीच राहिली तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट. डावीकडे-उजवीकडे हलवल्यावर प्ले दिसला तर टायरॉड एंडकडे पाहा. चाकं जमिनीवर ठेवून, एकाने स्टिअरिंग झटक्याझटक्याने थोडं थोडं फिरवायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक जॉइंटवर बोटं ठेवायची, ही सर्वांत भरवशाची तपासणी. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटांना कळतो. बॉक्स चॅसिसला जिथे बोल्टने बसतो तिथेही पाहा. सैल बोल्ट असेल तर अख्खा बॉक्स हलतो, आणि जुन्या गाडीत तिथल्या चॅसिसला तडाही सापडू शकतो.

हा नुसता सुबकपणाचा विषय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९८ व्या नियमानुसार स्टिअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही, जोडणीच्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्या लागतात आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्या लागतात. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस करावं लागतं, तेव्हा हे पाहिलं जाणं अपेक्षित आहे. फाटलेली रबरी टोपी किरकोळ वाटते. पण एका पावसाळ्याचं पाणी आणि चिखल आत गेला की जॉइंट खल्लास होतो. ससून डॉकवरून मासळी नेणाऱ्या गाड्यांत खारट बर्फाचं पाणी खाली गळतं. तिथे टोप्या दर महिन्याला पाहाव्यात.

बॉक्सचा मध्य शोधणं

गाडीखाली जाऊन आधी रचना ओळखा. पुढे पाट्यांवरचा अखंड अॅक्सल असेल तर दोन्ही चाकांना जोडणारा एक लांब टायरॉड दिसेल, आणि बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवरचा आर्म) एका चाकाच्या आर्मपर्यंत जाणारी वेगळी ड्रॅग लिंक दिसेल. दोन्ही चाकं स्वतंत्र वर-खाली होणारी असतील तर डाव्या-उजव्या बाजूला दोन छोटे टायरॉड असतील. इलाज या फरकावर अवलंबून आहे.

ड्रॉप आर्मकडचा बॉल जॉइंट सुटा करा. कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली दुमडती पिन) काढा, नट काही आटे सोडून तिथेच ठेवा, आणि आर्मच्या डोळ्यावर दोन्ही बाजूंनी दोन हातोड्यांनी एकाच वेळी ठोका. निमुळती पकड सुटते. पिनेच्या आट्यांवर हातोडा मारू नका, नवा जॉइंट घ्यावा लागेल. पुलर (जॉइंट ओढून सोडवणारं अवजार) असेल तर उत्तमच.

आता स्टिअरिंग हळूच एका टोकाला न्या, तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि निम्मे परत या. पूर्ण चार फेरे भरले तर दोन फेऱ्यांवर बॉक्सचा मध्य. जोडणी सुटी असताना टोकाला आपटू नका, आतल्या छर्‍यांच्या नळ्या दुखावतात. जोडणी न सोडता मोजलं तर आकडा फसवा येतो, कारण चाकं अॅक्सलवरच्या अडणी बोल्टला लागून थांबतात आणि ते बोल्ट दोन्ही बाजूंना सारखे लावलेले असतीलच असं नाही.

मध्यावर आल्यावर वर पाहा. दांडी सरळ असेल तर दोष पूर्णपणे खालच्या जोडणीत आहे. दांडी इथेच तिरकी असेल तर कधीतरी कुणीतरी स्टिअरिंग, स्टिअरिंगच्या शाफ्टचा जॉइंट किंवा ड्रॉप आर्म चुकीच्या खाचेत बसवला आहे. ड्रॉप आर्म आणि त्याच्या शाफ्टवर बहुधा जुळणीची खूण किंवा एक रुंद खाच असते, ती साफ करून पाहा. फक्त याच प्रसंगी स्टिअरिंग उपटणं योग्य आहे. शाफ्टला ३६ खाचा असतील तर एक खाच म्हणजे १० अंश, त्यामुळे त्याने बारीक जुळवणी होतच नाही. काढताना बॅटरीची अर्थ वायर सोडा, शाफ्टवर आणि स्टिअरिंगवर खूण करा, आणि मधला नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर राहू द्या. नाहीतर अडकलेलं स्टिअरिंग एकदम सुटून थेट तोंडावर येतं.

आधी टो, मग मध्य

टो म्हणजे पुढची दोन चाकं एकमेकांच्या तुलनेत किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप. हा क्रम उलटा झाला की दोनदा काम करावं लागतं. अखंड अॅक्सलच्या गाडीत ड्रॅग लिंकने एक चाक धरून ठेवलेलं असतं. टायरॉडची लांबी बदलली की दुसरंच चाक हलतं. गाडी सरळ धावू लागली की तो फरक दोन्ही चाकांत अर्धा-अर्धा वाटला जातो आणि स्टिअरिंग तिरकं होतं. सुमारे ६५० मिमी व्यासाच्या टायरवर टो ६ मिमीने बदलला तर चाक साधारण अर्धा अंश फिरतं. प्रत्येकाच्या वाट्याला पाव अंश आला, आणि बॉक्सचं गुणोत्तर २० धरलं (स्टिअरिंग २० अंश फिरलं की ड्रॉप आर्म १ अंश) तर स्टिअरिंग ५ अंश सरकलं. ‘अलाइनमेंट केलं आणि स्टिअरिंग वाकडं झालं’ या तक्रारीचं मूळ बहुधा हेच असतं. टो बरोबर लावला गेला, ड्रॅग लिंकला कुणी हात लावला नाही.

टो घरच्या घरीही चोख मोजता येतो. चाक उचलून फिरवा आणि खिळ्याने टायरच्या मधोमध गोल रेघ ओढा, दोन्ही पुढच्या टायरवर. गाडी खाली घ्या आणि तीन-चार मीटर पुढे ढकला, म्हणजे पाटे आणि जॉइंट आपापल्या जागी बसतात. चाकाच्या मध्याच्या उंचीवर, टायरच्या मागच्या बाजूला दोन रेघांमधलं अंतर मोजा आणि त्या जागी खडूने खूण करा. आता गाडी पुढे ढकलून तीच खूण पुढच्या बाजूला त्याच उंचीवर आणा आणि पुन्हा मोजा. खूण तीच असल्याने वाकड्या रिमची चूक निघून जाते. मागे ढकलू नका. ढकललीच तर पुन्हा पुढे आणून मोजा, नाहीतर जोडणीतली ढिलाई उलट बाजूला जाते. पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी असेल तो टो-इन. अशा गाड्यांत तो थोडाच असतो, बहुधा शून्य ते ३ मिमी. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.

लिंक फिरवण्याची वेळ

कुठल्या बाजूला फिरवायचं यावर गॅरेजात वाद होतात. प्रत्येक गाडीत चालेल असा नियम असा: गाडी सरळ धावताना दांडी उजवीकडे झुकत असेल, तर स्टिअरिंग मध्यावर आणल्यावर पुढची चाकं डावीकडे पाहतील. म्हणून स्टिअरिंग मध्यावर घट्ट धरा, सीटमध्ये दांडा अडकवून किंवा माणूस बसवून, आणि चाकं उजवीकडे येऊन सरळ होईपर्यंत लिंकची लांबी बदला. वाढवावी की कमी करावी, हे फिरवताना चाकाकडे पाहून लगेच कळतं.

किती फिरवायचं याचाही अंदाज आधी काढता येतो. समजा दांडी २० अंश झुकली आहे आणि बॉक्सचं गुणोत्तर २० आहे. म्हणजे ड्रॉप आर्म १ अंश हलवायचा. आर्म मध्यापासून मध्यापर्यंत १७० मिमी असेल तर १ अंशाला सुमारे ३ मिमी. लिंकच्या नळीला एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतील आणि आट्यांमधलं अंतर १.५ मिमी असेल, तर नळीच्या एका फेऱ्यात दोन्ही टोकं मिळून ३ मिमी बदलतात. म्हणजे एक फेरा. एकाच टोकाला आटे असतील तर जॉइंट काढून पूर्ण फेऱ्यानेच बदलता येतं, म्हणजे १.५ मिमीच्या टप्प्याने, आणि स्टिअरिंगवर तो टप्पा सुमारे १० अंशांचा पडतो. काही जुन्या ड्रॅग लिंक मुळातच ठरावीक लांबीच्या असतात. तिथे स्टिअरिंग तिरकं झालं असेल तर काहीतरी वाकलं, सरकलं किंवा चुकीचं बसलं आहे. तेच शोधावं लागतं.

दोन छोट्या टायरॉडच्या गाडीत टो बरोबर झाल्यावर एक रॉड जितका लांब कराल तितकाच दुसरा आखूड करा. टो तसाच राहतो आणि फक्त मध्य सरकतो. चाकं उजवीकडे आणायची असतील आणि रॉड अॅक्सलच्या मागे असतील तर उजवा आखूड, डावा लांब. रॉड अॅक्सलच्या पुढे असतील तर याच्या उलट.

समुद्राच्या हवेत राहिलेली ही नळी सहजी फिरत नाही. आदल्या रात्री वायर ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दोन्ही क्लॅम्प पूर्ण सैल करा. नुसता बोल्ट सोडून चालत नाही, क्लॅम्प नळीवरून हलला पाहिजे. फिरवण्यापूर्वी नळीवर आणि रॉडवर खडूची सरळ रेघ ओढा, फेरे मोजायला तीच कामी येते. शेवटी दोन्ही टोकांचे आटे नळीत जवळपास सारखे आत असावेत. रॉडच्या जाडीच्या दीडपटीहून कमी आटे आत उरले तर थांबा, भाग चुकीचा आहे किंवा काहीतरी वाकलं आहे.

आवळताना तीन गोष्टी पाहा. दोन्ही बॉल जॉइंट एकमेकांशी सरळ असावेत, एक पुढे आणि एक मागे पिळलेला नको, नाहीतर वळताना लिंक अडते. नळीची चीर क्लॅम्पच्या फटीसमोर असावी, म्हणजे पकड बसते. आणि क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण वळणावर अॅक्सलला किंवा चॅसिसला घासता कामा नये, म्हणून आवळण्याआधी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. जॉइंटचा खाचांचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा घट्ट करून जुळवा, मागे सोडून कधीच नाही. कॉटर पिन नवीनच घाला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने टायरॉड एंडही मिळतात. तिथून दरवाजा किंवा आरसा जरूर घ्या, पण हा भाग जुना घेऊ नका.

तरीही तिरकं राहिलं तर मागे पाहा

पुढचं सगळं बरोबर असूनही स्टिअरिंग तिरकं राहतं, तेव्हा बहुधा मागचा अॅक्सल वाकडा बसलेला असतो. पाट्यांना मधोमध बांधणारा सेंटर बोल्ट अॅक्सलची जागा धरतो. पाटे अॅक्सलला आवळणारे यू बोल्ट सैल असताना गाडी जादा माल घेऊन खड्ड्यांतून गेली की सेंटर बोल्ट कापला जातो आणि अॅक्सल एका बाजूने मागे सरकतो. मागची चाकं गाडीला तिरकी ढकलतात, आणि ती सरळ ठेवायला चालक पुढची चाकं थोडी वळवून धरतो. मागून पाहणाऱ्याला अशी गाडी खेकड्यासारखी तिरपी चालताना दिसते.

टेप घ्या. पुढची चाकं सरळ ठेवून डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यांतलं अंतर मोजा, मग उजव्या बाजूचं. दोहोंत ५-६ मिमीहून जास्त फरक आला तर पाट्यांखाली जा. पॅकिंगवर चकाकती घासट, यू बोल्टभोवती लालसर गंजाची भुकटी, किंवा पाट्याच्या जागेवरून सरकलेल्या कडा दिसतील. सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवीन घाला, आणि काही दिवस माल वाहून झाल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळा, कारण नव्याने बांधलेले पाटे दबून बसतात. पुढचा अॅक्सल पाट्यांवरचा असेल तर तिथेही हेच पाहा.

भायखळ्याचा भाजीचा माल किंवा वाशीच्या एपीएमसीची पोती दिवसभर वाहणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. पाटे दबले की पुढचा अॅक्सल किंचित पुढे-मागे सरकतो, ड्रॅग लिंक मात्र आपल्या वर्तुळात फिरते, आणि माल भरल्यावर मध्य थोडा बदलतो. दोन-चार अंशांचा असा फरक स्वाभाविक आहे. टो रिकाम्या गाडीवर लावा. स्टिअरिंगचा मध्य मात्र नेहमीच्या भारावरही एकदा बघून घ्या. गाडी दिवसाचे आठ तास भरलेली धावत असेल तर आमच्या मते मध्य त्या भारावर जुळवणंच शहाणपणाचं. फरक १० अंशांच्या घरात गेला तर पाटे बसले आहेत, ते आधी दुरुस्त करा.

कॉम्प्युटर अलाइनमेंटला गाडी नेणार असाल तर आधी प्ले काढून घ्या आणि तिथे स्पष्ट सांगा: इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग मध्यावर आणा, होल्डर लावा, टो झाल्यावर ड्रॅग लिंक जुळवा, आणि मागच्या अॅक्सलचा कोनही छापून द्या. अखंड अॅक्सलच्या गाडीत कागदावरचे डाव्या-उजव्या चाकाचे वेगवेगळे आकडे स्टिअरिंग कुठे धरलं होतं त्यावर बदलतात. तिथे बेरीज पाहायची असते. रस्त्यावर काढल्यावर थोडा फरक राहिला तर नळी पाव फेऱ्याने फिरवा, क्लॅम्प पुन्हा आवळा आणि पुन्हा चालवून बघा. वरच्या उदाहरणातल्या नळीवर पाव फेरा म्हणजे स्टिअरिंगवर ५ अंश.